तृणध्वज ते वृक्ष : वेळूची नावे, उपयोग आणि हक्क

प्रस्तावना

एखाद्या वनस्पतीला काय म्हणावे हा प्रश्न सामान्यतः कोशकारांचा किंवा वनस्पतिशास्त्रज्ञांचा मानला जातो. वेळूच्या बाबतीत तो महसुलाचा, मालकीचा आणि पोटापाण्याचाही प्रश्न ठरला. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने 'वृक्ष' या संज्ञेत वेळूचा समावेश केला. १९२७ च्या अधिनियमाने ती व्याख्या पुढे चालविली आणि २०१७ च्या अखेरीपर्यंत ती कायम राहिली. म्हणजे सुमारे एकशेचाळीस वर्षे वेळू हा या देशात कायद्याने वृक्ष होता. वनस्पतिशास्त्र मात्र त्याला तृणकुलातील वनस्पती मानते, आणि आपल्या जुन्या कोशांनीही त्याला गवताशीच जोडले आहे.

ही विसंगती अज्ञानातून निर्माण झाली, असा एक सर्वसाधारण समज आहे. उपलब्ध पुरावा त्याला दुजोरा देत नाही. वेळू गवत आहे हे कायदा करणाऱ्यांच्या काळातील वनाधिकाऱ्यांना पुरेपूर ठाऊक होते. मग त्याला वृक्ष ठरविण्याने काय साधले, आणि ती व्याख्या बदलल्याने कोणाच्या पदरात काय पडले, याचा शोध वेळूची नावे, त्याची जीवनरीत, त्याचे उपयोग आणि कायदा या क्रमाने घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नामविचार : वेणु, वंश, कीचक

वेळूचा वाङ्मयीन उल्लेख अतिशय प्राचीन आहे. ऋग्वेदातील वालखिल्य सूक्तांपैकी एका दानस्तुतीत दात्याने दिलेल्या वस्तूंमध्ये शंभर वेळूंची गणना केलेली आढळते. दान म्हणून मोजून द्यावी अशी ही वस्तू होती, एवढे त्यावरून निश्चित होते. संस्कृतातील 'वेणु' शब्दाचे 'वेळु' हे रूप पालीत रूढ होते. राजगृहाजवळील ज्या वेणुवनाचे दान बिंबिसाराने बुद्धाला केले, त्याचे पाली नाव 'वेळुवन' असेच आहे. मराठीतील 'वेळू' हा शब्द या प्राकृत परंपरेशी थेट नाते सांगतो.

'वंश' हा दुसरा महत्त्वाचा शब्द. त्याचा एक अर्थ वेळू, दुसरा कुळ. पेरावर पेर चढत जाणारी काठी आणि पिढीमागून पिढी वाढत जाणारे घराणे यांतील साम्य उघड आहे. हिंदीतील 'बांस' याच शब्दापासून आला, आणि मराठीत घराच्या छपराला आधार देणारा 'वासा' हाही त्याचाच वंशज. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही म्हण वापरताना आपण छपराखालच्या वेळूचे नाव घेत असतो, याची जाणीव आज फारशी उरलेली नाही. 'कीचक' हा शब्द वाऱ्याने नाद करणाऱ्या वेळूसाठी आहे. महाभारतातील विराटाच्या मेहुण्यामुळे तो सर्वांच्या परिचयाचा झाला, परंतु कालिदासाच्या काव्यात तो वनस्पतीच्या अर्थानेच येतो. 'मस्कर' या वेळूवाचक शब्दाची दखल तर पाणिनीने स्वतंत्र सूत्रात घेतली असून, दंड धारण करणाऱ्या परिव्राजकाचे 'मस्करी' हे नाव त्याच सूत्रात त्याच्या शेजारी ठेवले आहे.

या सर्वांत अमरकोशातील पर्यायमाला विशेष उद्बोधक आहे. त्वक्सार, शतपर्वा, यवफल, तृणध्वज ही त्यातील काही नावे. ज्याचे बळ सालीत आहे तो त्वक्सार, ज्याला शेकडो पेरे आहेत तो शतपर्वा, ज्याचे फळ जवासारखे आहे तो यवफल आणि जो तृणांचा ध्वज आहे तो तृणध्वज. ही नावे अलंकारिक वाटली तरी त्यांच्यामागे निरीक्षण आहे. वेळूच्या काठीतील बळकट तंतूंची दाटी बाहेरील सालीकडे जास्त असते, हे आजचे शास्त्रही सांगते. त्याचे फळ धान्याच्या दाण्यासारखे असते आणि गहू, भात, जव यांच्याच कुळातील असते. उंचीने कित्येक झाडांना मागे टाकणाऱ्या या वनस्पतीला कोशकारांनी वृक्षांचा नव्हे, तर तृणांचा ध्वज म्हटले, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मराठी बोलींनी या कोशात आपली भर घातली ती व्यवहाराच्या गरजेतून. कळक, काटस, मानवेल, माणगा, मेस, चिवारी ही नावे परस्परांचे पर्याय म्हणून सरसकट वापरली जात नाहीत. काटेरी आणि पोकळ काटस, बराचसा भरीव व चिवट मानवेल, कोकणातील बिनकाट्याचा माणगा यांचे उपयोग वेगळे, म्हणून नावेही वेगळी. ज्याला टोपली विणायची आहे त्याला 'बांबू' एवढे एकच नाव पुरत नाही.

'बांबू' शब्दाचा प्रवास

आज मराठीत सर्वाधिक प्रचलित असलेला 'बांबू' हा शब्द या संस्कृत-प्राकृत परंपरेतला नाही. त्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा गोव्यात आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातील तबाशीर, म्हणजे वंशलोचन, या द्रव्याच्या चर्चेत त्याने ज्या वनस्पतीत ते मिळते तिला येथील लोक 'मांबू' म्हणतात, असे नमूद केले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस भारतात येऊन गेलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशानेही हाच शब्द वापरला.

हा शब्द मूळ कोणत्या भाषेतला याबद्दल दोन मते आहेत. एक मत त्याचे मूळ कन्नडमध्ये पाहते, दुसरे मलायी भाषेत. मलायी मताला एक अडचण आहे : त्या भाषेत वेळूला सर्रास 'बुलुह' म्हणतात. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने दोन्ही बाजू मांडून, इंग्रजीत हा शब्द पोर्तुगिजांच्या मार्फत आला असावा, असा कल दर्शविला आहे. मूळ कोठलेही असो, पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांच्या तोंडचा हा शब्द युरोपात गेला, तेथे शास्त्रीय नावाचा भाग झाला आणि पुढे राज्यकर्त्यांच्या कागदपत्रांतून मराठीत स्थिरावला. गावात 'वेळू' राहिला आणि कचेरीत 'बांबू' आला.

'तबाशीर' या शब्दाचा प्रवास उलट दिशेचा आहे. संस्कृतातील 'त्वक्क्षीरी' हा शब्द फारसी-अरबीत 'तबाशीर' झाला, असे मानले जाते. सितोपलादि चूर्णात घातले जाणारे हे वंशलोचन वेळूच्या पेरात साठून घट्ट झालेले द्रव्य होय. १७९१ मध्ये जेम्स मेसी या इंग्रज रसायनज्ञाने, म्हणजे पुढे स्मिथसन या नावाने ओळखल्या गेलेल्या शास्त्रज्ञाने, त्याचे पृथक्करण करून ते मुख्यतः सिलिकाचे असल्याचे दाखविले. गवताच्या पात्याने बोट कापते तेही पात्यातील सिलिकामुळेच. वेळूचे कुळ त्याच्या औषधातही प्रकट झाले, असे म्हणता येईल.

शास्त्राच्या दृष्टीतून वेळू

लिनियसने १७५३ मध्ये भारतीय काटेरी वेळूला 'अरुंडो बांबोस' असे नाव दिले. अरुंडो ही बोरूसारख्या उंच गवतांची प्रजाती होय. म्हणजे आधुनिक वर्गीकरणाच्या आरंभापासूनच वेळूचे स्थान तृणकुलात होते. पुढे मानवेलासाठी रूढ झालेले 'डेंड्रोकॅलॅमस' हे प्रजातिनाम तर अर्थदृष्ट्या मोठे सूचक आहे : ग्रीक 'डेंड्रॉन' म्हणजे वृक्ष आणि 'कॅलॅमॉस' म्हणजे बोरू. लेखणी या अर्थाचा आपला 'कलम' हा शब्द अरबीतून आला, त्याचे मूळही याच ग्रीक शब्दात आहे. दिसण्यात वृक्ष आणि जातीने बोरू, हे वेळूचे द्वैत शास्त्रज्ञांनी नावातच नोंदविले.

वेळूची वाढ झाडासारखी होत नाही. पावसाळ्यात जमिनीखालील कंदातून कोंब वर येतो तो पुढील काठीच्या जाडीनेच, आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर काठी जाड होत नाही. दोन-तीन वर्षांत ती फक्त पक्व आणि टणक होत जाते. झाडाला वर्षागणिक वलये येतात, वेळूला येत नाहीत. म्हणून झाड तोडले की झाड जाते. वेळूच्या बेटातील जुन्या काठ्या काढल्या आणि नव्या राखल्या तर बेट जिवंत राहते आणि दरवर्षी नवे उत्पन्न देते. तोडणे हा झाडाचा शेवट आहे, वेळूच्या बाबतीत तो निगेचा भाग आहे. कायद्याने या दोहोंना एकच नियम लावला, हे पुढे दिसेल.

वेळूच्या आयुष्यातील असामान्य घटना म्हणजे त्याचा फुलोरा. अनेक जाती दीर्घ काळ फुलत नाहीत आणि मग एका प्रदेशातील बेटे एकदम फुलून, बी देऊन मरतात. काटस वेळूचे हे चक्र सर्वसाधारणपणे चाळीस-पन्नास वर्षांचे मानले जाते. १८६४ मध्ये कानडा जिल्ह्यात असा फुलोरा आला तेव्हा धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतून सुमारे ५०,००० लोक हे बी गोळा करण्यासाठी आल्याचा अंदाज तत्कालीन नोंदींत आढळतो. 'यवफल' हे नाव अशा वेळी शब्दशः खरे ठरत होते. ईशान्येकडील मिझो टेकड्यांत मात्र याच घटनेने दुष्काळ आणला. तेथील वेळूच्या १९५८-५९ मधील फुलोऱ्यानंतर बी खाऊन उंदीर बेसुमार वाढले, त्यांनी उभी पिके फस्त केली, आणि त्या दुष्काळात मदतकार्यासाठी उभी राहिलेली संघटना १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट या राजकीय पक्षात रूपांतरित झाली. १९६६ चा उठाव आणि १९८६ चा मिझो करार यांच्या इतिहासाचे एक टोक वेळूच्या फुलोऱ्याशी जोडलेले आहे.

उपयोग आणि बुरूड

महाराष्ट्रातील ग्रामजीवनात वेळूचे स्थान जन्मापासून मृत्यूपर्यंतचे आहे. पाळणा, सूप, टोपली, दुरडी, रोवळी, परडी, कणगी, तट्टे, शिडी, मांडव, गुढीची काठी, जोतिबाच्या चैत्री यात्रेतील उंच सासनकाठी आणि शेवटी तिरडी, ही यादी कितीही वाढविता येईल. पावसाळ्यातील कोवळे कोंब विदर्भात 'वास्ते' म्हणून भाजीत वापरले जातात. ज्वारी-भाताच्या साठवणुकीपासून मासे पकडण्याच्या सापळ्यांपर्यंत वेळूखेरीज चालत नव्हते.

या गरजा भागविणारा कारागीर म्हणजे बुरूड. कर्नाटकात हाच व्यवसाय करणाऱ्यांना मेदार म्हणतात, आणि बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या प्रभावळीतील शरण मेदार केतय्या यांना या व्यवसायातील समाज आपले श्रद्धास्थान मानतो. बुरुडाच्या कौशल्याचा आरंभ विणण्यापूर्वी होतो. कोणती काठी किती वर्षांची आहे, कोणती ओली चिरावी, कोणत्या पेराच्या कामट्या न मोडता वाकतील, हे ज्ञान बेटापासून सुरू होते. तथापि ज्याच्या हाती हे ज्ञान होते त्याच्या मालकीचे बेट सहसा नव्हते. वेळू रानातून किंवा शेतकऱ्याच्या बांधावरून यायचा. म्हणून वेळूवर कोणाचा अधिकार, या प्रश्नाचे उत्तर बदलले की पहिला फटका किंवा पहिला लाभ बुरुडाच्या वाट्याला येणे क्रमप्राप्त होते.

कायद्यातील वृक्ष

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाली आणि डिट्रिच ब्रँडिस हे पहिले वनमहानिरीक्षक झाले. ब्रँडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. वायव्य व मध्य हिंदुस्थानातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेळूंचे वर्णन तृणकुलातच आले आहे. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी संमत झालेल्या अधिनियमात 'वृक्ष' या संज्ञेत ताड-माड, वेळू, खुंट, झुडपे आणि वेत यांचा समावेश होतो, असे म्हटले गेले. वनसेवेतीलच जे. एस. गॅम्बल यांनी १८९६ मध्ये हिंदुस्थानातील वेळूंवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला, तेव्हाही खात्याचे शास्त्र वेळूला गवत म्हणत होते आणि खात्याचा कायदा त्याला वृक्ष म्हणत होता.

या विसंगतीचा उलगडा अधिनियमाच्या रचनेत होतो. त्यासाठी १९२७ च्या अधिनियमातील तीन व्याख्या एकत्र वाचाव्या लागतात. पहिली, वृक्षात वेळू येतो. दुसरी, वृक्ष पडला किंवा तोडला की ते 'इमारती लाकूड' होते. तिसरी व्याख्या 'वनोपज' या संज्ञेची असून तिचे दोन भाग आहेत. एका भागातील वस्तू वनात सापडोत अथवा अन्यत्र, त्या वनोपजच. इमारती लाकूड या भागात आहे. दुसऱ्या भागातील वस्तू वनात सापडल्या किंवा वनातून आणल्या तरच वनोपज ठरतात. गवत या भागात आहे.

याचा परिणाम असा की, वेळू गवत मानला गेला असता तर शेतकऱ्याच्या बांधावरील बेट वनोपजाच्या व्याख्येबाहेर राहिले असते. तो वृक्ष मानला गेल्यामुळे तोडलेली प्रत्येक काठी इमारती लाकूड झाली, मग ती राखीव वनातली असो की परसातली. वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार शासनाला त्याच अधिनियमाच्या ४१ व्या कलमाने दिला होता. राज्याराज्यांत सवलती निरनिराळ्या असल्या, तरी स्वतःच्या शेतातील वेळू बाजारात नेण्यासाठी वाहतूक परवान्याचा प्रश्न उभा राहू शकत होता तो या व्याख्यांच्या साखळीमुळे. कायद्याने वेळूचे रूप सांगितले नव्हते, त्याच्यावरील नियंत्रणाची सीमा आखली होती.

कागदाचे आगमन

आरंभी वनखात्याच्या लेखी वेळूला फारसे मोल नव्हते. सागवानाच्या वाढीत अडथळा आणणारे तण अशीही त्याची संभावना होत असे. हे चित्र कागदामुळे पालटले. वेळूपासून कागदाचा लगदा करता येईल, असे टॉमस राउटलेज यांनी १८७५ मध्ये एका पुस्तिकेद्वारे मांडले. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट यांच्या प्रयोगांनी या कल्पनेला औद्योगिक स्वरूप दिले आणि १९२५ मध्ये वेळूपासून कागद करणाऱ्या उद्योगाला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला. स्वातंत्र्याच्या आसपास चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर आणि नंतर उत्तर कन्नड जिल्ह्यातील दांडेली येथे कागदगिरण्या उभ्या राहिल्या. वनातील वेळूचे मोठे क्षेत्र दीर्घ मुदतीच्या करारांनी उद्योगाकडे गेले.

बुरूड आणि मेदार यांना बाजारात चढ्या भावाने घ्यावा लागणारा वेळू गिरण्यांना नाममात्र दराने मिळतो, ही तक्रार कर्नाटकात १९७० च्या दशकात पुढे आली. त्यानंतर माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कन्नडमधील वेळूचा अभ्यास केला. त्यातील एक निष्कर्ष उल्लेखनीय आहे. काटस वेळूच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. ते साफ केल्यास बेट सुधारते, अशा समजुतीने ते काढले जात होते. प्रत्यक्षात त्यामुळे कोवळे कोंब उघडे पडून गुरे, माकडे आणि साळिंदर यांच्या भक्ष्यस्थानी पडत होते आणि बेटे खुरटत होती. गावकरी काठी वरच्या बाजूने तोडून काट्यांचे कुंपण राखत, त्यामागे हेच कारण होते. वेळू टिकविण्याचे व्यावहारिक ज्ञान ज्यांच्याकडे होते, त्यांचे स्थान व्यवस्थापनात नव्हते.

व्याख्येचा बदल

अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या कायद्याने गौण वनोपजावरील मालकी ग्रामसभांना देण्याचे तत्त्व मान्य केले; परंतु गौण वनोपज म्हणजे काय, हे त्यात सांगितले नव्हते. ही उणीव २००६ च्या वनहक्क कायद्याने भरून काढली. त्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत आरंभीच वेळू, झुडपे, खुंट आणि वेत यांची नावे येतात. १८७८ मध्ये ज्या वस्तू 'वृक्ष' या संज्ञेत ओळीने बसविल्या होत्या, त्यांपैकी ताड-माड वगळता सर्व येथे बाहेर काढून ग्रामसभेच्या बाजूला ठेवलेल्या दिसतात. दोन व्याख्या शेजारी ठेवून वाचल्यास हा प्रतिवाद लक्षात आल्यावाचून राहत नाही.

परंतु एका कायद्यात वेळू गौण वनोपज आणि दुसऱ्यात वृक्ष, अशी स्थिती निर्माण झाली. तिची कसोटी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावात लागली. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि वेळू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने मिळेनात. वेळू गौण वनोपज मानावा, असे पत्र तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये मुख्यमंत्र्यांना लिहिले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा (लेखा) येथे ग्रामसभेच्या स्वाधीन परवान्यांचे पुस्तक करण्यात आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या दीर्घ कार्याला आलेले हे फळ होते. वेळू कोणी, किती आणि कोणाला विकायचा, हे आता ग्रामसभा ठरवू लागली. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावनेही २०१२ मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्काच्या आधारे वेळूचे व्यवस्थापन स्वतः हाती घेतले.

शेवटचा टप्पा २०१७ चा. त्या वर्षी २३ नोव्हेंबर रोजी काढलेल्या अध्यादेशाने आणि पाठोपाठ संमत झालेल्या दुरुस्तीने १९२७ च्या अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून 'वेळू' हा एक शब्द वगळण्यात आला. बांधावरचा वेळू त्यामुळे वनोपजाच्या साखळीतून सुटला. वनातील वेळू मात्र वनोपजच राहिला. फरक एवढाच की, आता तो तेथे गवताच्या सोबतीने आहे.

समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, वेळूच्या स्वरूपाविषयी अमरकोशापासून गॅम्बलपर्यंत फारसा मतभेद नव्हता. मतभेद होता तो त्याच्यावरील अधिकाराविषयी, आणि तो व्याख्येच्या भाषेत लढला गेला. कायद्यातील संज्ञा वाचताना ती वस्तूचे वर्णन करते की वस्तूवरील ताबा निश्चित करते, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणूनच आवश्यक ठरते.

दुसरी गोष्ट कमी समाधानाची आहे. व्याख्या बदलल्याने वनातील वेळूवर ग्रामसभेचा आणि शेतातील वेळूवर शेतकऱ्याचा हक्क बळकट झाला. बुरुडाकडे मात्र बहुधा ना वन असते ना शेत. वनहक्क कायद्याने अन्य पारंपरिक वननिवासींसाठी तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याची आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असण्याची अट घातली आहे. बाजारपेठेच्या गावी बुरूड आळीत राहून वेळू चिरणाऱ्या कारागिराला ती पूर्ण करणे अवघड आहे. सवलतीच्या दराने वेळू मिळण्याची त्याची जुनी सोय ही शासनाची मेहेरबानी होती, हक्क नव्हता. आणि दरम्यान प्लास्टिकच्या टोपल्यांनी त्याचा बाजारही आकसला. वेळू कायद्याने पुन्हा तृण झाला, पण त्या तृणाला सूप, पाळणा आणि कणगीचे रूप देणाऱ्या हातांचा विचार कोणत्याही व्याख्येने अद्याप केलेला नाही. वेळूच्या इतिहासातील हे प्रकरण अजून अपुरे आहे.